फेरसादर

माझी सारी नोकरी कोषागारात गेली. १९८० साली कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटलो आणि २०१६ साली उपकोषागार अधिकारी म्हणून बाहेर पडलो. मधल्या छत्तीस वर्षांत काय केलेस असे कोणी विचारले तर एका वाक्यात सांगता येईल. लोकांचे कागद परत पाठवले. देयक समोर आले की आधी बेरीज पाहायची, मग सह्या, मग तारखा, मग सोबत जोडलेले दाखले. कुठेतरी काहीतरी राहिलेले असतेच. ते सापडले की लाल शाईने एक ओळ लिहायची, "त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे," आणि कागद आल्या वाटेने रवाना करायचा. या कामात एक सुख असते. ते बाहेरच्या माणसाला कळायचे नाही. भाजी निवडताना पानाखाली दडलेली अळी नेमकी नजरेस पडावी आणि आपले आपल्यालाच बरे वाटावे, त्यातला हा प्रकार. सहकारी म्हणत, देवाचे बिल याच्या टेबलावर आले तरी एक आक्षेप घेऊनच परत जाईल. मी ते कौतुकाने ऐकून घेत असे.

असा एक परत आलेला कागद माझ्या स्वतःच्या घरात आला, त्याची ही हकिगत आहे.

आमच्या एकुलत्या एक मुलीचे लग्न डिसेंबर २०२२ मध्ये साताऱ्यात झाले. मुलगा वाईचा, पण बरीच वर्षे इंग्लंडात राहिलेला. लेस्टरजवळच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात माल तपासण्याचे काम करी. त्याला तिथे कायम राहण्याचा हक्क मिळालेला होता. तेव्हा बायकोला घेऊन जाण्यात अडचण ती काय, असे आम्हा सगळ्यांनाच वाटले. लग्नानंतर अठरा दिवसांनी तो परत गेला. निघताना पाया पडून म्हणाला, "बाबा, पावसाळ्यापर्यंत ही तिकडे असेल." तो पावसाळा कोणत्या सालचा, हे मात्र त्याने सांगितले नव्हते.

पत्नीला नेण्याच्या या परवान्याला लोक कायम वास्तव्याचा परवाना म्हणतात. प्रत्यक्षात पहिल्या खेपेला मिळतात तेहतीस महिने. मग पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे, आणखी तीस महिने. आणि अशी पाच वर्षे भरली म्हणजे कायमचे राहण्यासाठी अर्ज करता येतो. अर्जाला लागणारी कागदपत्रे तर विचारूच नका. क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो, त्यासाठी त्यांनी नेमून दिलेल्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढायचा. इंग्रजी येत असल्याचा दाखला लागतो. आमची मुलगी रसायनशास्त्रात एम. एस्सी., कॉलेजात इंग्रजीतून शिकवणारी. पण पदवी इंग्रजीतून घेतली हे तिकडच्या संस्थेकडून प्रमाणित करून आणण्यापेक्षा परीक्षा सोपी, म्हणून ती परीक्षेला बसली. परीक्षा फक्त बोलण्याची आणि ऐकण्याची. तिला आणि दुसऱ्या एका अनोळखी बाईला समोरासमोर बसवून एकमेकींशी बोलायला लावले. दोघीही उत्तीर्ण झाल्या. घरी आल्यावर ती दोन दिवस आपल्या आईशी त्याच थाटाच्या इंग्रजीत बोलत होती.

आणि मग पैशाचा दाखला. ९ जुलै २०१२ पासून तिथे नियम असा, की ज्याला पत्नीला किंवा पतीला परदेशातून न्यायचे असेल त्याचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड पाहिजे. हा नियम आपल्यासारख्यांसाठीच आहे असे नाही. तिथे जन्मलेल्या गोऱ्या माणसालाही तो सुटत नाही. आमच्या जावयाचा पगार २५,४०० पौंड, तेव्हा रकमेची चिंता नव्हती. चिंता पुराव्याची. सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, त्याच सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, पावतीवर जो आकडा तोच उताऱ्यात जमा झालेला दिसला पाहिजे, शिवाय मालकाचे पत्र. हे सारे वाचताना परमुलखात अचानक कोणी आपल्या बोलीत हाक मारावी तसे मला झाले. मी मुलीला म्हटले, "हे काम माझ्यावर सोड. तू फक्त सही कर."

अर्ज खरे म्हणजे जून २०२३ मध्येच करायचा होता. पण मेअखेर जावयाचा आधीचा कारखाना बंद पडला. एक्स-रेची मुंबईची वेळ आधीच घेतलेली होती, म्हणून तो काढून आलो. दाखला ५ जूनचा मिळाला. जावयाला नवी नोकरी लवकरच लागली, १२ जूनला तो कामावर रुजू झाला. आता एकाच मालकाकडे सहा महिने भरले की अर्ज करायचा असे ठरले. इकडे क्षयाच्या दाखल्याची मुदत बरोबर सहा महिने, म्हणजे ५ डिसेंबरला संपणार.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी सगळे कागद माझ्यासमोर आले. मी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणले, टेबलावर मांडले, चष्मा पुसला आणि पेन्सिल घेतली. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर : सहा पावत्या. उताऱ्यातल्या सहा रकमा. दोन्ही जुळल्या, मी प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली. मग मालकाचे पत्र उघडले. त्यात रुजू होण्याची तारीख होती, १२ जून २०२३. तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. पावत्या सहा आहेत, पण महिने सहा आहेत का? आणि लगेच मनाने उत्तर दिले, अरे, सहा पावत्या म्हणजे सहा महिनेच की! आणखी बारा दिवस थांबायचे तर पुन्हा मुंबई, पुन्हा एक्स-रेचे काही हजार रुपये, मुलीची पुन्हा रजा. मी पत्र पालथे घातले. दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबर २०२३ रोजी, अर्ज गेला.

तीनच दिवसांनी, ४ डिसेंबरला, तिथल्या सरकारने जाहीर केले की ही उत्पन्नाची अट आता ३८,७०० पौंडांवर नेणार. लेस्टरमध्ये, साताऱ्यात, सगळीकडे एकच धांदल. मग महिनाअखेरीस खुलासा आला की एकदम नव्हे, आधी २९,००० करू. आणि जे अर्ज आधी आलेले आहेत त्यांना जुनीच अट लागेल. जावयाचा फोन आला, "बाबा, तुम्ही घाई केलीत म्हणून वाचलो!" आमच्या हिने देवापुढे साखर ठेवली. मी काही बोललो नाही, पण त्या रात्री मला झोप चांगली लागली, हे कबूल केले पाहिजे.

११ एप्रिल २०२४ पासून २९,००० ची अट सुरू झाली. आणि २६ एप्रिलला आमचा निकाल आला : अर्ज नामंजूर.

ते पत्र मुलीच्या मोबाइलवर आले होते. तिने एकदा वाचले आणि फोन माझ्या हातात दिला. पत्र लांबलचक होते, पण मला छत्तीस वर्षांची सवय. नेमका परिच्छेद कुठे असतो ते माहीत. लग्न खरे आहे याबद्दल शंका नाही. इंग्रजी ठीक. क्षय नाही. परंतु अर्जाच्या तारखेला अर्जदाराच्या पतीला सध्याच्या मालकाकडे सहा महिने पूर्ण झालेले नाहीत. १२ जून ते १ डिसेंबर. अकरा दिवस कमी. पुढे आणखी एक परिच्छेद होता की, पतीपत्नींना एकत्र राहायचे असल्यास पतीने भारतात जाऊन राहण्यास प्रत्यवाय दिसत नाही. तो वाचून आमची ही संतापली. मी तिला म्हटले, ते मनावर घेऊ नकोस, तो मजकूर छापील असतो. आमच्याकडेही आक्षेपांचे चक्रमुद्रित फॉर्म असत, लागू असेल त्यावर खूण करायची. आणि मग, सवयीने म्हणा, अक्कल गहाण पडली म्हणून म्हणा, माझ्या तोंडून निघून गेले,

"तसं पाहिलं तर बरोबर आहे त्याचं."

मुलगी उठली आणि आतल्या खोलीत गेली. दाराला कडी लावल्याचा आवाज आला. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ती माझ्याशी कामापुरते बोलत होती. पाणी हवं का, औषध घेतलं का, एवढेच.

आरोग्यसेवेसाठी आगाऊ भरलेले १,८७२ पौंड परत आले. अर्जाची फी १,८४६ पौंड गेली ती गेलीच. आणि ज्या जुन्या अटीच्या आडोशाला आम्ही बसलो होतो तो आडोसाही गेला. कारण फेरअर्ज म्हणजे नवा अर्ज, आणि नव्या अर्जाला नवी अट. २५,४०० चा पगार कालपर्यंत पुरेसा होता, आज तो ३,६०० ने कमी ठरला. एक एक्स-रे वाचवण्यासाठी हे सगळे झाले.

मला त्या दिवसांत झोप येत नसे. अशा वेळी मला एक पितळी ताट आठवू लागले. त्याची गोष्ट मी कधी कोणाला सांगितलेली नाही.

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका जिल्ह्यात निवृत्तिवेतनाचे टेबल सांभाळत होतो. पाटबंधारे खात्यातला एक निवृत्त पाटकरी वारला आणि त्याची बायको कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी आली. मृत्यूचा दाखला होता, अर्ज होता, फोटो होते. पण आदेशात बाईचे नाव एक आणि तिने आणलेल्या कागदांवर दुसरे. आपल्याकडे पूर्वी लग्नात मुलीचे नावच बदलत. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहीत. नवऱ्याने कचेरीत सासरचे नाव दिलेले. बाई पुढे काही वर्षे माहेरी राहिली तेव्हा भावाने मतदारयादीत घातले ते माहेरचे. मी आक्षेप लिहिला : "नावात तफावत. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा पुरावा सादर करावा." यात माझे काही चुकले असे आजही मला म्हणता येत नाही. एकाच्या पैशावर दोन बायका हक्क सांगायला आल्याची प्रकरणे मी पाहिलेली होती.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. काखेत जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेले काहीतरी होते. ते तिने माझ्या टेबलावर सोडले. पितळी ताट होते, चांगले जड, चिंचेने घासून लखलखीत केलेले. काठावर अक्षरे कोरलेली होती. मामाने लग्नात दिलेले ताट. त्यावर तिचे माहेरचे नाव, पुढे सासरचे नाव, नवऱ्याचे नाव आणि तिथी.

"सायेब," ती म्हणाली, "ह्यात दोनी नावं हायती. वाचा."

मी वाचले. सगळे बरोबर होते. मी म्हटले, "बाई, ताट फायलीला लागत नाही."

शेजारच्या टेबलांवरचे हसले. मी हसलो नाही, हे मला आठवते. पण ते काही दयेपोटी नव्हे, माझी एक बेरीज अर्धी राहिली होती. मी तिला प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, दोन साक्षीदार असे सगळे एका चिठ्ठीवर लिहून दिले. तिने चिठ्ठी पदराला बांधली, ताट पुन्हा गुंडाळले आणि गेली. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. तिचे निवृत्तिवेतन सुरू झाले की नाही, किती फेऱ्यांनी झाले, मला माहीत नाही. गेल्या वर्षी, मुलीच्या नामंजुरीनंतर, मी तिथल्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून विचारले. त्याने सांगितले, त्या काळातली रजिस्टरे मुदत संपल्यामुळे कधीच नष्ट केली. अशा नष्ट करायच्या याद्यांवर मीही पुष्कळ सह्या केल्या आहेत.

झोप लागत नसली की मी मोबाइलवर हे इंग्लंडचे नियम कुठून आले ते वाचीत बसे. वाचून फारसे समाधान होण्यासारखे नव्हते. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी घेतली गेली. वर्तमानपत्रात बोभाटा झाला, भारतात संताप उसळला, तेव्हा ती पद्धत थांबली. मग पुढे बरीच वर्षे नियम होता की लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात शिरण्याचा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करावे. हेतू नाही हे कसे सिद्ध करतात, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. जून १९९७ मध्ये तो नियम रद्द झाला. त्या मानाने पगाराच्या पावत्या मागणे पुष्कळच सभ्य, असे मला वाटते. पावती खोटी की खरी, सहा महिने भरले की नाही, याचे उत्तर असते. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही उत्पन्नाची अट तत्त्वतः ग्राह्य धरली. लहान मुलांच्या हिताचा विचार नीट झालेला नाही, एवढे मात्र बजावले. पण हा सगळा युक्तिवाद घरात कोणापुढे करायची माझी छाती नव्हती.

अपील करायला अठ्ठावीस दिवसांची मुदत होती. जावयाने एका वकिलाला विचारले. अपिलाला किती महिने लागतील सांगता येत नाही, आणि चूक तर आपलीच. तेव्हा नव्याने अर्ज करणेच बरे, असा त्याचा सल्ला पडला. राहता राहिला ३,६०० पौंडांचा खड्डा. तो बचतीने भरून काढता येतो, पण त्याचे गणित विचित्र आहे. बचतीतले पहिले १६,००० पौंड मोजायचेच नाहीत. त्यावर कमी पडणाऱ्या रकमेच्या अडीच पट. म्हणजे नऊ हजार अधिक सोळा हजार, पंचवीस हजार पौंड. आणि तेही सहा महिने खात्यात पडून राहिलेले पाहिजेत. मी पोस्टातले, बँकेतले, निवृत्तीच्या वेळी मिळालेले, सगळे कागदावर मांडले. वाईट नव्हते, घरासमोरचा प्लॉट विकला तर जमण्यासारखे होते. उसने पैसे चालत नाहीत, पण देणगी चालते, हेही मी वाचून ठेवले होते. आणि जावयाला फोन लावला.

तो नेहमीप्रमाणे आधी तब्येतीचे विचारू लागला. मी त्याला थांबवून हिशेब वाचून दाखवला. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटले फोन तुटला.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "आमच्या वडिलांनी लग्नात नारळाशिवाय काही घेतलं नव्हतं. आता हे घेतलं तर काय म्हणायचं त्याला?"

"हे वेगळं आहे हो. ही सरकारची अट आहे."

"तुमच्या दृष्टीनं वेगळं आहे. मला जरा वेळ द्या."

त्याने चार महिने घेतले. लेस्टर सोडून पीटरबरोला गेला, रात्रपाळीची नोकरी धरली, पगार ३०,००० पौंड. १६ सप्टेंबर २०२४ ला रुजू झाला. मधल्या काळात तिथले सरकार बदलले होते आणि नव्या सरकारने अट २९,००० वरच थांबवून ठेवली होती, एवढे दैव आडवे आले नाही. पण आता पुन्हा सहा महिने. या खेपेला पूर्ण सहा महिने.

तो रात्री कामाला जाई तेव्हा आमच्याकडे रात्रीचे दोन वाजून गेलेले असत. मुलगी गजर लावून उठे आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता त्याच्याशी बोले. मी पाणी प्यायला उठलो की मोबाइलच्या उजेडात तिचे तोंड तेवढे दिसे. मी तहान मारून तसाच परत फिरत असे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी फाइल करायला घेतली. संसार अजून टिकून आहे याचा नवा पुरावा द्यायचा होता : फोटो, तो मधे दोनदा येऊन गेला त्याची तिकिटे, फोनच्या नोंदी, एकमेकांना पाठवलेले निरोप. निरोपांची छापील पाने मुलीने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "क्रमांक घाला, पण वाचू नका." आता क्रमांक घालायचा म्हणजे पानाच्या कोपऱ्याकडे पाहावे लागते, आणि नजर घसरतेच. जेवलास का. आज थंडी आहे का. भाजी कसली केली. गॅस बंद केलास ना. पानेच्या पाने हेच. मी म्हटले, "अगं, हे वाचून त्या माणसाला वाटेल बहीणभाऊ आहेत." ती कित्येक महिन्यांनी हसली. आणि आमची ही शिलाई करता करता म्हणाली, "आणि तुमचा पुरावा मागितला तर काय दाखवाल?" मी आठवून पाहिले. लग्नाला अडतीस वर्षे झाली. माझ्या हातचे तिला लिहिलेले एकच पोस्टकार्ड आहे, ती बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हाचे. त्यात गॅसचे सिलिंडर आल्याचे कळवले आहे.

नावांचा घोळ तर आपल्या मराठी माणसाला चुकतच नाही. जावयाच्या पासपोर्टावर त्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. पगाराच्या पावतीवर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. बँकेने तेही गाळलेले. मुलीने लग्नानंतर नाव बदलले नाही. सासरच्यांनी लग्नात तांदळावर लिहिलेले नाव अंगठीच्या रेघेएवढेच राहिले. या सगळ्याचा खुलासा करणारे एक पत्र सोबत जोडावे म्हणून मी मसुदा करायला बसलो. इंग्रजीत एक ओळ लिहिली : या तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. आणि पेन तिथेच थांबले. मी बराच वेळ तसाच बसून होतो. मुलीने विचारले, "काय झालं?"

मी तिला ताटाची गोष्ट सांगितली नाही. दुसरीच सांगितली. म्हटले, "त्या वेळी ती बारा जूनची तारीख मी पाहिली होती. मला शंका आली होती. एक्स-रेचे पैसे वाचावेत म्हणून मी गप्प बसलो."

ती पाने सारखी करीत होती. हात थांबला नाही.

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "नामंजुरी आली त्या रात्री मी छापलेली प्रत काढून पाहिली. त्या तारखेखाली तुमच्या पेन्सिलीचा ठिपका होता."

तो ठिपका केल्याचे मला आठवतही नव्हते. छत्तीस वर्षांचा हात. शंका आली की ठिपका देणारच. म्हणजे दहा महिने तिला हे ठाऊक होते, आणि त्या दहा महिन्यांत पहिला महिना सोडला तर तिने मला एका शब्दानेही दुखावले नव्हते. मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाली, "दोनशे चाळीसपासून पुढे क्रमांक घाला. चहा टाकते."

मार्चअखेरीची पावती आली, उतारे आले. नवा एक्स-रे झाला. इंग्रजीच्या परीक्षेचा दाखला मे महिन्यात संपणार होता, तेव्हा फार दिवस हातात नव्हते. शिवाय ९ एप्रिलपासून अर्जाची फी १,८४६ वरून १,९३८ पौंड होणार होती. सगळे तयार होते आणि मालकाच्या पत्रात मला रुजू होण्याची तारीख सापडली : १५ सप्टेंबर. १५ ला रविवार होता! करारावर १६. जावई म्हणाला, "एका दिवसानं काय होतंय, बाबा? सहा महिने तर कसेही भरतात." मी म्हटले, "पत्र परत पाठवा." दुरुस्त पत्र यायला दहा तारीख उजाडली. ९२ पौंड जास्त गेले. ते मी जावयाला न विचारता मुलीच्या खात्यात भरले, आणि या वेळी त्याने वाद घातला नाही. १४ एप्रिल २०२५ रोजी अर्ज केला. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सरकारी काम होते, हे मला अजूनही खरे वाटत नाही. फी १,९३८ आणि आरोग्यसेवेचे आता १,०३५ च्या दराने तीन वर्षांचे ३,१०५. मिळून ५,०४३ पौंड. मी बेरीज दोनदा केली.

निकाल जुलैत आला. मंजुरीचे पत्र नामंजुरीच्या पत्राच्या पावपटही नव्हते. जावई फोनवर रडला. मुलगी नाही रडली, तिने आधी कॉलेजात राजीनाम्याची मुदत किती दिवसांची ते पाहिले.

निघायच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघे मोती चौकात भांड्यांच्या दुकानात गेलो. हिला मुलीसाठी मिसळणाचा डबा घ्यायचा होता. तिकडे सगळे मिळते, असे मी म्हणणार होतो, पण म्हटले नाही. डबा पसंत पडल्यावर दुकानदाराने नाव कोरायचे यंत्र पुढे ओढले आणि विचारले, "नाव काय घालायचं? चिठ्ठीवर लिहून द्या."

मी चिठ्ठीवर मुलीचे पासपोर्टावरचे पूर्ण नाव लिहिले. खाली तांदळावर लिहिलेले नाव लिहिले. त्याखाली जावयाचे तिन्ही शब्दांचे नाव आणि लग्नाची तारीख. तारीख पुन्हा एकदा पाहिली आणि चिठ्ठी दिली.

दुकानदाराने ती वाचली, डब्याचे झाकण उलटेसुलटे करून पाहिले. "काका," तो म्हणाला, "एवढं यावर मावायचं नाही."

"मग मोठा डबा दाखवा," आमची ही म्हणाली.